बेलभंडाऱ्यावरचा माळ

माळेवस्ती, ता. नगर
१४ नोव्हेंबर २०२५

अमृत भाऊजी,

नमस्कार. खुशाली विचारत नाही. जिच्या हातचं खाऊन मोठे झालात त्या वहिनीला वकिलाकडून निरोप धाडता, म्हणजे तुमचं सगळं उत्तम चाललेलं दिसतंय.

नोटीस काल दुपारी अंगणवाडीत मिळाली. पोरांना खिचडी वाढत होते, हात खरकटे, आणि पोस्टमन म्हणतो सही करा. तीन वेळा वाचली. गट नंबर ८८ ही मिळकत माझ्या अशिलाच्या मालकीची आहे, आपण तिचा विनापरवाना उपभोग घेत आहात, साठ दिवसांत ताबा सोडावा. विनापरवाना म्हणे. त्या माळावर कुसळ धड उगवत नव्हतं तेव्हा कुणाचा परवाना लागत होता, ते तुमच्या वकिलाला विचारून कळवा.

फोन करत नाही. एक तर तुम्ही उचलत नाही, आणि उचललात तर माझ्या तोंडून काय बाहेर पडेल याचा मला भरवसा नाही. कागदावर निदान खाडाखोड करता येते.

वकिलाला तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलेली दिसते. राहिलेली मी सांगते, त्यालाही वाचायला द्या. मामंजी गेल्यावर दोघा भावांत वाटणी झाली. रस्त्याकडची चार एकर, गट ६१, तुमच्या दादांच्या नावावर चढली. डोंगराकडचा चार एकर माळ, गट ८८, तुमच्या नावावर. हा झाला कागद. नव्याण्णव साली तुम्ही पुण्यात अर्थशास्त्राचं एम.ए. करत होता. मेस परवडेना, घरी पत्र आलं. तेव्हा तुमचे दादा जेवताजेवता म्हणाले, "अमृत शिकतोय. त्याला खडकाळ माळ घेऊन काय करायचंय? रस्त्याकडचं त्याला देतो, भाड्यानं जाईल, त्याचं भागंल. माळ मी बघतो." कुणी मागितलं नव्हतं. चांगलं होतं ते दादांनी दिलं आणि वाईट होतं ते घेतलं. दिवाळीला तुम्ही आलात तेव्हा देवघरात खंडोबाच्या टाकापुढं दोघांनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली. तुमची आई होती, मी होते. त्या दिवसापासून तुमच्या नावाचा माळ आमचा आणि आमच्या नावाचा रस्ता तुमचा. कागद मात्र जिथल्या तिथं राहिले.

पुढं सात उन्हाळे आम्ही पाझर तलावातला गाळ वाहिला. मुरमावर हातभर काळी माती चढवली. दगड वेचून माझ्या बोटांची पेरं कायमची वाकडी झाली, आज अंगणवाडीच्या रजिस्टरवर लिहिताना पेन सरळ धरता येत नाही. विहीर अडुसष्ट फूट गेली तेव्हा पाणी लागलं. ज्या दिवशी लागलं त्या दिवशी दादांनी गावाला सांगायच्या आधी तुम्हाला फोन केला होता, हे आठवतंय का?

रस्त्याकडच्या ढाब्याचं भाडं वीस वर्षं तुम्ही घेतलंत. घ्यायलाच हवं होतं, ते तुमचंच होतं. आता बायपास झाला, गाड्या तिकडून पळायला लागल्या, ढाबा बंद पडला, आणि तुम्हाला एकदम सातबारा आठवला. फार्महाऊससाठी पुण्याचं गिऱ्हाईक शोधलंत म्हणे. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण मी पोरांना शिकवते. इतकं चांगलं उदाहरण घरातच होतं.

भांडायचं नसेल तर वाट आहे. आपल्यासारख्यांसाठीच सरकारनं सलोखा योजना काढलीय. एकाच्या नावाची जमीन दुसरा बारा वर्षांवर कसत असेल आणि त्याची याच्याकडं असेल, तर दोघांनी सह्या केल्या की ज्याचा ताबा त्याचं नाव. हजार रुपयांचा स्टॅम्प, हजार नोंदणीचे. तलाठ्यांशी बोलले, ते पंचनामा करायला तयार आहेत. तुमची एक सही हवी. या, करा आणि जा. चहा पण घेऊ नका.

सत्यशीला

•

२ डिसेंबर २०२५

अमृत भाऊजी,

तुमचं उत्तर दिशाच्या मोबाईलवर आलं. पोरीला मध्ये कशाला घातलंत? मी पत्र लिहिलं होतं, पत्राला पत्र लिहायचं असतं. तिनं वाचून दाखवलं आणि तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली.

तुम्ही लिहिलंय की वहिनी, भावनेत जाऊ नका. तुमच्या नावावरचं तुम्ही घ्या, माझ्या नावावरचं मी घेतो, यात अन्याय कुठं आहे? भाऊजी, अन्याय दिसत नसेल तर माळावर या आणि खणून बघा. वरची हातभर माती कुणाची आणि खालचा मुरूम कुणाचा, ते कुदळ लगेच सांगेल. मुरूम तुमचा. उचलून न्या.

दुसरं लिहिलंय, की २००४ साली मी अदलाबदलीचा स्टॅम्पपेपर टाईप करून घेऊन आलो होतो, दादांनी सही नाकारली, मग आता कागदाची याद का काढता? तो विषय काढायची गरज नव्हती. आत्याबाईंनी नको म्हटलं होतं. भावाभावात कागद झाला तर लोक तोंडात शेण घालतील, असं त्या म्हणाल्या. जुनं माणूस. दादा आईच्या शब्दाबाहेर नव्हते. झालं ते झालं, मेलेल्या माणसांवर खापर फोडू नका.

आता माझं ऐका. दिशानं तुमचं भाषण शोधून काढलं. नगरच्या कॉलेजात तुम्ही पाहुणे म्हणून आला होता, इथून पंचवीस किलोमीटरवर, आणि आम्हाला कळवलंसुद्धा नाहीत. एक तास बारा मिनिटं मी बसून ऐकलं. कोट चांगला शिवलाय. तुम्ही म्हणता, देश गरीब राहतात ते जमीन नाही म्हणून नाही, पाऊस नाही म्हणूनही नाही. आज लावलेलं उद्या आपल्याच हातात राहील याची माणसाला खात्री नसते, म्हणून राहतात. राज्य असं हवं की बळकटाला दुबळ्याचं हिसकावता येऊ नये. हक्क पक्का असला की माणूस वीस वर्षांपुढचं बघतो, नसला की येत्या हंगामापुरतं. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मला त्यात एक वाक्य खोटं सापडलं नाही. त्याचाच जास्त संताप आला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. तुम्हाला हे सगळं माहीत आहे आणि तरी नोटीस पाठवलीत. अडाण्यानं केलं असतं तर मी समजून घेतलं असतं.

दादांना लिंबुणीची बाग करायची होती. श्रीगोंद्याला जाऊन रोपं बघून आले होते, खड्डे कुठं घ्यायचे ते माळावर फिरून ठरवलं होतं. फळबागेची योजना मागायला गेले तर साहेब म्हणाले, सातबारा ज्याच्या नावावर त्यानं अर्ज करायचा. ठिबकला बँकेत गेले, तेच उत्तर. शेततळ्याला तेच. दोन-तीन वेळा तुम्हाला फोन करून संमतीपत्र मागितलं, तुम्ही म्हणालात बघतो. मग त्यांनी विचारणं सोडलं. सव्वीस वर्षं आम्ही त्या सोन्यासारख्या जमिनीत कांदा आणि ज्वारी केली. चार महिन्यांत घरात येतं तेवढंच करायची हिंमत झाली.

आणि तुमचं काय वेगळं झालं? ढाब्याचे पत्रे कधी उतरले नाहीत. स्लॅब टाकायला कर्ज मिळेना, कारण तिथं नाव दादांचं. दोन भाऊ, आठ एकर, आणि दोघंही जागच्या जागी. तुमच्या भाषणात दूरदूरच्या देशांची नावं होती. आपल्या बांधावरचं उदाहरण द्यायला लाज वाटली असणार.

माझी बहीण हिवरे बाजारला दिलीय, तुम्हाला माहीत आहे. त्यांच्याकडं पाणी किती आणि पीक कुठलं हे ग्रामसभेत सगळ्यांसमोर ठरतं. ठरलं की पुढाऱ्याला वेगळं आणि गरिबाला वेगळं असं नसतं, म्हणून माणसं पुढच्या पाच वर्षांचं बोलतात. तिच्या गोठ्यात लग्नात एक गाय होती, आता नऊ आहेत. आपल्याकडं सगळं चुलीपुढं ठरतं. चुलीपुढं कोण काय बोललं हे नंतर ज्याला जसं सोयीचं तसं.

सही कधी करताय ते लिहा. दिशाला मेसेज करू नका.

सत्यशीला

•

२८ डिसेंबर २०२५

अमृत भाऊजी,

हे पत्र लिहायला चार दिवस लागले. दोन फाडली.

सोबत एक जुना स्टॅम्पपेपर आहे. घडीवर फाटतोय, जपून उघडा. २००४ साली तुम्ही आणलेला तोच. शेवटच्या पानावर खाली डाव्या बाजूला बघा. रंगनाथ म्हणून सही आहे, तुमच्या दादांची. तारीखही त्यांच्याच हातची.

दादांनी सही नाकारली नव्हती.

तुम्ही तो कागद रात्री देऊन झोपायला गेलात. दादांनी कंदिलाजवळ बसून वाचला, लगेच सही केली, म्हणाले, "बरं केलं त्यानं. पोरगं शिकल्यालं हाय, पुढचं बघतंय. सकाळी दे त्याला." आणि पहाटे पाणी धरायला गेले. सकाळी तुम्ही विचारलंत, तेव्हा मी तुम्हाला म्हटलं की दादा नाही म्हणतात, भावाभावात कागद कशाला. तुम्ही चहा अर्धा ठेवून उठलात, मला अजून दिसतं. दुपारी दादा आले तर त्यांना म्हटलं की अमृतच म्हणाला, राहू द्या दादा, तुमच्या शब्दापुढं कागद काय. कागद माझ्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या खाली. वकिलासाठी मामंजींची कागदपत्रं शोधताना हातात आला असं मी म्हणू शकते. पण तो कुठं आहे हे मला एकवीस वर्षं माहीत होतं.

आत्याबाईंचं नाव मी मागच्या पत्रात घेतलं, तेही खोटं. त्या बिचारीला काही ठाऊक नव्हतं.

का केलं ते विचाराल. त्या वर्षी रस्ता चौपदरी होणार म्हणून गावभर बोललं जात होतं. रस्त्याकडच्या जमिनीला कोल्ड स्टोरेजवाले गिऱ्हाईक फिरत होते. माळावर तेव्हा अजून दगडच जास्त होते. मी म्हटलं, कागदावर नाव आपलं आहे, आहे तर राहू दे. दिशा चार वर्षांची होती. उद्या दीर बदलला, त्याची बायको काही बोलली, तर आपल्या हातात काहीतरी असावं. एवढाच हिशोब होता. त्याला काय म्हणायचं ते तुम्ही म्हणा. मी त्याला हावच म्हणते.

म्हणजे आज तुम्ही जे करताय ते मी आधी केलंय. तुम्ही नोटीस पाठवून उघड केलंत, मी ट्रंकेत घालून केलं.

तुमच्या दादांना हे कधी कळलं नाही. ते पारावर बसून सांगायचे, की आमच्यात कागद नाही बरं का, माझ्या भावानं माझ्या शब्दावर सोडून दिलं. छाती फुगवून सांगायचे. मी ऐकायचे आणि आत जायचे. तुमचा अभिमान धरून ते गेले, आणि ते जाईपर्यंत तुम्ही त्यांच्यावर रुसून होता. तेराव्याला आलात तेव्हा कुणाशी बोलला नाहीत, त्यांच्या फोटोकडं सुद्धा बघितलं नाहीत. तेव्हा तरी मी बोलायला पाहिजे होतं. तोंड उघडलं होतं. तुमची बायको समोर आली आणि मी परत मिटलं.

नगरचा वकील म्हणाला हा कागद आता रद्दी आहे, नोंदणी नाही. मी तुम्हाला तो कोर्टासाठी पाठवत नाहीये. तुमच्या भावानं तुमच्यावर अविश्वास दाखवला नव्हता एवढं तुम्हाला कळावं म्हणून पाठवलाय.

माझं पाप माझ्या पदरात. तुम्ही मला दारात उभं करू नका, माझ्या मयतीला येऊ नका, मान्य आहे. पण माळ मी एकटीनं केलेला नाही. ज्यानं सही केली होती त्यानं केलाय. त्याच्याकडून तो काढून घेऊ नका. माझ्यावरचा राग त्याच्या मातीवर काढलात तर मी तुम्हाला सोडणार नाही, हेही लिहून ठेवते.

सत्यशीला

•

१८ फेब्रुवारी २०२६

अमृत,

तुम्ही-भाऊजी आज बाजूला ठेवते. लग्न होऊन आले तेव्हा तू दहा वर्षांचा होतास, नाक पुसायला माझाच पदर होता. त्या नात्यानं लिहिते.

सात आठवडे झाले, तुझं एक अक्षर नाही. कागद पोचल्याची पावती माझ्याकडं आहे. उत्तराऐवजी तू गिऱ्हाईक पाठवलंस. पांढऱ्या गाडीतून दोघं उतरले, मोजणीची टेप काढली, एकानं विहिरीत डोकावून विचारलं की उन्हाळ्यात पाणी टिकतं का. मी म्हटलं टिकतं, ते काढायला माणूस मेलाय. त्यांना वाटलं विहिरीत पडून मेला. लगेच गाडीत जाऊन बसले.

सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. बाया बसतात त्या कोपऱ्यातनं उठून पुढं गेले आणि सरपंच बन्सीला म्हटलं, लिहून घे. सगळं सांगितलं. बेलभंडारा, गाळ, आणि ट्रंकेतला कागदसुद्धा. आपल्याच तोंडानं आपली चोरी सांगितली. कुणी हसलं, कुणी थुंकलं, सहादेव म्हातारा म्हणाला, "बाई, घरातलं चव्हाट्यावर कशाला आनलं?" मी म्हटलं, चव्हाट्यावर आणलं असतं तर वीस वर्षांपूर्वीच मिटलं असतं. मग तोच सहादेव उठला. त्याच्या नावाची जमीन चुलतभाऊ कसतो आणि चुलतभावाची तो, चाळीस वर्षं. नातू आता विहिरीला कर्ज मागतोय, मिळत नाही. त्याच्यामागं एकेक करून हात वर झाले. गावात अशा दहा जोड्या निघाल्या, आपल्याला धरून. शेजारी शेजारी राहून कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

तलाठी आणि मंडळ अधिकारी शाळेत टेबल टाकून बसले. पंचनामे झाले. सहादेवला लिहिता येत नाही, त्यानं अंगठा दिला. ज्या दोन घरांत मागं बांधावरून विळे निघाले होते त्यांनीही येऊन सह्या केल्या, एकमेकांकडं न बघता, पण केल्या. नऊ जोड्या पुऱ्या झाल्या. आपली राहिली. या गावात अर्थशास्त्र शिकलेला एकच माणूस आहे, आणि सगळ्या गावात सही फक्त त्याची बाकी आहे. बन्सीनं हे सभेत बोलून दाखवलं आणि लोक हसले. मला हसू आलं नाही. तू शिकावास म्हणून तुझ्या भावानं रस्त्याकडची जमीन सोडली होती.

तुझा राग माझ्यावर आहे, तर तो राग मला समजतो. पण खरं सांगू, मला तो आता पटत नाही. कागद हातात येऊन, दादांची सही डोळ्यांनी बघून, तू गिऱ्हाईक पाठवलंस. त्याला मी दुखावलेला भाऊ म्हणत नाही.

तू विकायला निघालास म्हणून मी नगरच्या त्याच वकिलाकडं परत गेले. म्हातारा आहे, पंचेचाळीस वर्षं जमिनीचेच दावे चालवतोय. सगळं ऐकून म्हणाला, विक्रीला मनाई मागू, ताब्याचा दावा लावू. मग विचारलं, मयत रंगनाथचे वारस कोण? मी म्हटलं, मी आणि मुलगी दिशा. त्यानं दिशाचं नाव माझ्या नावाखाली लिहिलं. म्हणाला, बरं झालं लेक आहे, हा दावा तुमच्या हयातीत संपायचा नाही. पुढं अपील, त्याच्यापुढं अपील. मग पेन थांबवून विचारलं, समोरच्याला मुलंबाळं? मी म्हटलं, एक मुलगी, अश्विनी. तो म्हणाला, मग शेवटी या दोघींचंच चालेल, आणि पुढची केस बघायला लागला. त्याच्यासाठी ते रोजचंच असणार.

अमृत, रविवारी अश्विनी इथं आली होती. तुला सांगून आली नसणार. दिशाला सुट्टी होती, दोघींनी फोनवर ठरवलं आणि ती पुण्याहून एसटीनं आली. दुपारभर दोघी विहिरीच्या कठड्यावर पाय सोडून बसल्या होत्या, त्यांची बडबड घरापर्यंत ऐकू येत होती. जेवताना भाकरी एकाच ताटात घेतली, लहानपणी घ्यायच्या तशी. दिशाला सगळं माहीत आहे, पण तिनं अश्विनीला काही सांगितलेलं नाही. निघताना अश्विनी मला म्हणाली, "मोठी आई, पप्पा इकडं का येत नाहीत गं? मी विचारलं की चिडतात."

मी तिच्या पिशवीत शेंगा भरल्या आणि एसटीत बसवून आले.

दावा सोमवारी दाखल होणार आहे. वकिलाला शनिवारपर्यंत थांबायला सांगितलंय. तलाठी शनिवारी अकरा ते दोन शाळेत बसतील, फक्त आपल्यासाठी. आलास तर मी समोरच्या बाकावर असेन, माझ्याशी बोलायची गरज नाही. सही कर आणि निघून जा. रस्त्याकडची तुझ्या नावावर होईल, माळ आमच्या.

आला नाहीस तर सोमवारी मी सही करीन, दिशाही करील. मी मागं हटणार नाही, तुला माझा स्वभाव माहीत आहे. पण मग अश्विनीला समोर बसवून तूच सांग, की आजपासून दिशाशी तुझं भांडण आहे आणि ते तुम्ही म्हाताऱ्या होईपर्यंत चालेल. मी तिला सांगणार नाही.

सत्यशीला